शाळेत गेलेली कुंदी

सन्माननीय अध्यक्ष मोतीलालशेठ, व्यासपीठावरचे पाहुणे, शाळासमितीचे सभासद, माझ्या सहशिक्षिका आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मुलींनो,

सावद्याच्या या कन्याशाळेतून आज मी सेवानिवृत्त होते आहे. आपण शाल दिलीत, नारळ दिलात, फार चांगलं बोललात. अध्यक्षमहाराज आत्ता म्हणाले, "बाईंना संसार नव्हता, म्हणून शाळेला एवढा वेळ देता आला." हेतू गौरवाचाच होता. पण शेठजी, आपल्या परवानगीनं सांगते, संसार होता. आपल्यापैकी कुणी तो पाहिला नाही, इतकंच.

आम्ही तिघं भावंडं. थोरली धुरपदाक्का, मधला लोटन, धाकटी मी. अक्काला ऐन तारुण्यात वेड लागलं आणि सासरच्यांनी तिला आमच्या ओट्यावर आणून सोडलं. भिंतीतून माणसं बोलतात, अन्नात विष कालवतात, असं तिला वाटे. आईवडील गेल्यावर भाऊबंद जमले. म्हणाले, साखळी घाला, नाहीतर कुठंतरी नेऊन सोडा. लोटन कधी आवाज न चढवणारा माणूस. तो उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "साखयी आनलीच असीन त मले बांधा. अक्का घरातच राहीन."

त्यानंतर आमच्याकडचं येणं-जाणं थांबलं. लोटनसाठी एका मुलीकडचे बोलणी करायला आले, आतून अक्काचं ओरडणं ऐकलं आणि उठून गेले. माझ्यासाठी तर कुणी आलंच नाही. मी शाळेत येई. लोटननं केळीची बाग वाट्यानं दिली आणि तो अक्काजवळ बसू लागला. ती ताटाला हात लावत नसे. "लोटन, तू आधी खाय." तो पहिला घास खाई, ती त्याच्या तोंडाकडे बघत राही, मग जेवे. सारं आयुष्य असंच गेलं. स्वराज्य आलं त्या सकाळी आपण प्रभातफेरी काढली होती, आठवतं? ढोल ऐकून अक्का कणगीमागं लपली. मी झेंडावंदन करून घरी गेले, तर लोटन तिचे कान आपल्या हातांनी झाकून बसलेला. मला म्हणाला, "कुंदे, झेंडा कसा होता व? सांग मले."

गेल्या हिवाळ्यात लोटन न्यूमोनियानं गेला. खांदा द्यायला आपण आलात, ते उपकार विसरणार नाही. पण सगळे परतल्यावर अक्का ताटासमोर बसून त्याची वाट पाहू लागली. मी पहिला घास खाल्ला. तिनं ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी पाण्यालाही शिवली नाही. ही आता डोळ्यांदेखत जाणार, असं मला दिसलं. शेवटी लोटनची टोपी मी डोक्यावर चढवली, त्याची बंडी अंगात घातली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. हसू नका गं मुलींनो. बरं, हसलात तरी चालेल. अक्का म्हणाली, "आला का रे लोटन? खाय आधी." मी खाल्लं. ती जेवली.

तेव्हापासून त्या घरात मी लोटन आहे. मी शाळेत असताना शेजारची साबेरा शिवण घेऊन ओट्यावर बसते, तिचे उपकार कसे फेडू? पण अक्का तिला आत येऊ देत नाही. आत आम्ही दोघीच. अक्का मधूनच विचारते, "कुंदी कोठी गेली रे?" मी सांगते, "शायेत गेली." "मंग कुंदी येईन सांजले," असं म्हणून ती निवांत होते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आजवर या उत्तराला थोडातरी आधार होता. उद्यापासून तिला काय सांगू?

शाल, नारळ मी आनंदानं नेते. आणखी एक मागते. दुपारी आमच्या गल्लीतून जाताना क्षणभर थांबा. आत यायची सक्ती नाही. ओट्यावरून नुसतं "कुंदाबाई" म्हणून हाक मारा. मी ओ देईन.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. गौरवाच्या प्रसंगी घरातलं बोलले. काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अक्काच्या जेवणाची वेळ झाली आहे. मला निघायला हवं.