पार्टी येणार हाय!

...आणि वर मला म्हणतो, "मावशी, पार्टीसमोर हसू नका, पडलेला दात दिसतो!" आता तुम्हीच सांगा, घर विकायचंय की मला विकायचंय?

हा निकेश. एजंट. माणगावचा. कपाळावर गॉगल, हातात दोन मोबाईल आणि तोंडात एकच वाक्य, "मावशी, पार्टी येणार हाय!" पार्टी म्हणजे घर बघायला येणारं गिऱ्हाईक. पण गिऱ्हाईक म्हणायचं न्हाय हं! गिऱ्हाईक मासळी घेतं. घर घेते ती पार्टी!

तुम्हाला सांगते, विकायचं खूळ माझं न्हाय. माझा धनेश कामोठ्याला असतो, त्याच्या डोक्यातलं. "आये, तू इथं एकटी, गुडघे दुखतात, आमच्याकडे चल. पाचवा मजला, पण लिफ्ट हाय." अरे, लिफ्टनं खाली उतरून मी जाऊ कुठं? इथं ओट्यावर बसले की अर्धं गाव बोलून जातं! पण पोटचं पोर, तुटेपर्यंत किती ताणणार? मी म्हटलं, घर माझ्या नावावर, सही माझी. एक पार्टी आण, एकच. ती घेते म्हणाली तर मुकाट सही करते. न्हाय म्हणाली तर मी मरेपर्यंत विषय काढायचा न्हाय. धनेशनं देवासमोर हो म्हटलं. त्याला वाटलं, आई वाकली.

मंग काय! पार्टी येणार हाय, पार्टी येणार हाय! बावीस वर्षं मी बोंबलत होते, मोरीतला नळ गळतो, मागच्या दाराची कडी लागत न्हाय, आणि बावीस वर्षं एकच उत्तर, "बघू." तो नळ एका दुपारी बदलला! कडी तर अशी बसवली की मीच आत अडकले! म्हणजे मी जन्म काढला इथं आणि नळ कुणाला? जिनं अजून घराचं तोंड बघितलं न्हाय त्या पार्टीला!

मंग निकेश घरभर फिरला. "मावशी, हे बोंबील काढा." का रे? "वास." अरे, दर्याकाठचं घर, इथं काय मोगऱ्याचा वास येणार? सून रुचिका, पोर गुणाची, पण तिनं कसलासा फवारा मारला आणि घराला दाताच्या डाक्टराचा वास! मांजर दोन दिवस घरी आलं न्हाय. पुढं म्हणतो, "मावशी, हा फोटो काढा." तो आमच्या ह्यांचा, हार घातलेला. "गेलेल्या माणसाचा फोटो बघून पार्टी बिचकते." तिथं मात्र माझं टाळकं सरकलं! म्हटलं, ह्या घराचा एकेक चिरा त्या माणसानं डोक्यावरून वाहिलाय. तो भिंतीवरच राहणार, बिचकू दे पार्टीला! नवा हार आणून घातला, मुद्दाम जाडा.

पण खरी गंमत पुढं. आमच्या अंगणातनं दर्यावर जायची वाट हाय. माझ्या सासूच्या सासूपासून कोळीवाड्यातल्या बाया टोपल्या घेऊन इथनंच जातात. कागदाच्या भाषेत वहिवाट, कुणी अडवायची न्हाय. ह्या बाबानं त्यावर फाटक बसवलं! पांढरं रंगवलं, कुलूप घातलं, चावी आपल्या खिशात. "मावशी, रविवारी बायांना शाळेकडनं जायला सांगा. आणि शप्पथ घ्या, पार्टीसमोर घराबद्दल एक शब्द वाईट बोलायचा न्हाय." घेतली शप्पथ!

आता बायांना सांगायचं म्हणजे ठमाबाईला सांगायचं. तिला एक कळलं की कोळीवाडाभर दवंडी. म्हटलं, "ठमे, रविवारी माझ्याकडे पार्टी येणार हाय, अंगणातनं येऊ नका." तर ती एका कानानं बहिरी. आणि मी सांगितलं ते नेमकं त्याच कानात... चुकून हो! वय झालं आता.

रविवारी आली मोठी गाडी. साहेब आणि त्यांची बायको अमिषा. साहेब भिंती ठोकून बघतोय, ती खिडकीतनं दर्या बघतेय, "वॉव, किती शांत! कोणीच नाही!" धनेशचा चेहरा फुलला. खरं सांगते, वाटलं, गेलं घर. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. तेवढ्यात फाटकावर धाडधाड! "गो येसू! उघड गो! पार्टी हाय ना?"

बघते तर तीस बाया! ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोली, हातात डबे! ठमाबाईनं गावभर केलं, येसूबाईकडे पार्टी हाय! आणि आमच्यात पार्टीला कुणी रिकाम्या हातानं जात न्हाय. भाकऱ्या काय, कोलंबीचं कालवण काय! निकेश डोळ्यांनी मला न्हाय-न्हाय करतोय. दारातली माणसं परत पाठवू? म्हटलं, काढ चावी!

अमिषानं चार भाकऱ्या खाल्ल्या. साहेबानं हळूच विचारलं, "हे लोक रोज येतात?" मला तर शप्पथ, वाईट बोलायचं न्हाय! म्हटलं, "रोज हो, पहाटे चारपासून! वहिवाट हाय ना, तुम्ही घर घेतलंत तरी येणार, एकटं वाटायचंच न्हाय तुम्हाला! आणि शिमग्याला पालखी तर ह्याच अंगणात नाचते!" चांगलंच बोलले की! साहेबाचा घास हातातच राहिला. "वहिवाट? म्हणजे कायमची?" निकेशनं कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला, घरात बसल्या बसल्या!

न्हाय म्हणाली पार्टी. धनेशला म्हटलं, बाळा, देव ऐकत होता. दुसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं आणि त्यावर माझे बोंबील वाळत!

जिंकले ना? मलाही तसंच वाटलं. पण ती अमिषा गाडीत बसता बसता म्हणून गेली होती, "आंटी, घर नको, पण मैत्रिणींना घेऊन दोन दिवस राहायला येऊ?" आणि आमच्या रुचिकाचे डोळे चमकले. आठवड्यात मोबाईलवर घराचे फोटो गेले, दोन दिवस भाड्यानं राहायला मिळेल म्हणून, ह्यांच्या हारासकट. विकलं असतं तर एकदाच आवरून सुटले असते हो! आता दर शनवारी चादरी, दर शनवारी फरशी, दर शनवारी सुनेचा फोन, "आई, पार्टी येणार आहे!" तुम्ही ह्या महिन्यातली चौथी पार्टी. म्हणून तर केव्हाची बाहेर बसवून बोलतेय... एकदा आत गेलात की झालं, पुन्हा आवरा!