लिहिलं म्हटलं म्हणजे लिहिलं

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको काका, ती डुगडुगते. तुमच्या लेकीचीच खुर्ची ती, कधी दुरुस्त करून घेतली नाही तिनं. इकडे बसा, माझ्यासमोर. पाकीट असू द्या हातात, घाई नाही. कबुलीजबाब आणलाय ना, तिच्या सहीचा? झालं तर मग. कबुली द्या, अनुभवाचं पत्र घ्या, असं मी फोनवर म्हटलं होतं आणि मी शब्दाची पक्की बाई आहे. सोमवारी रुजू व्हायचंय ना तिला नव्या ठिकाणी, पत्राशिवाय घेत नाहीत — माहीत आहे मला. स्वतः का नाही आली? लाज वाटली असेल. बापाला पुढे केलं. चालायचंच.

हा टकटक आवाज होय? सवय नाही म्हणून तुम्हाला ऐकू येतो, आम्हाला तो थांबला तर ऐकू येईल. ते बघा कपाटात, चाळीस छोटे बोर्ड, एकेक म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच, प्रत्येकाची वीज आम्ही मुद्दाम तोडतो, परत देतो, परत तोडतो, दिवसभर. काय करायची तुमची मुलगी इथे, सांगितलं होतं का तिनं घरी? नसेलच. सोपं आहे हो. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना — चिठ्ठी वाचायची, डबा काढायचा, आत जे ठेवलंय ते मिळायचं. तसं आमचं सॉफ्टवेअर. नाव सांगा, माहिती ठेवा. तेच नाव सांगा, माहिती परत घ्या. वेगळं बिऱ्हाड नाही त्याचं, दुसऱ्याच्या प्रोग्रामात जाऊन राहतं, घरजावयासारखं — आणि घरजावयासारखंच, गुपचूप काम केलं तर कुणाला त्याची आठवणही येत नाही. सहा वर्षं मी लिहिलंय ते. ओळन् ओळ माझी. आणि त्यात वचन एकच: आम्ही ‘लिहिलं’ म्हणून कळवलं की लिहिलं. पुढच्या क्षणी वीज गेली, बोर्ड बंद पडला, काहीही झालं, परत चालू केल्यावर ते तिथे असलंच पाहिजे. तुमची लेक हेच तपासायची — वीज तोडायची आणि वचन पाळलं का ते बघायचं. चार वर्षं मी शिकवलं तिला. पोटच्या पोरीसारखं. आली तेव्हा नीट बोलतासुद्धा येत नव्हतं तिला, आणि एक दिवस बोलली ती नेमकी चारचौघांत.

म्हणजे काय झालं सांगते ना. रुग्णाच्या उशाशी उभं राहून थेंबाथेंबानं औषध सोडणारं यंत्र बनवतात, ते लोक आले होते. किती औषध गेलं हे ते यंत्र आमच्या डब्यात लिहून ठेवणार. मध्येच वीज गेली, परत आली, की डबा उघडून बघणार — किती गेलं? मी त्यांना वेग दाखवत होते, दुसऱ्या कुणाहीपेक्षा दुप्पट, माणसं खूश, आणि ही माझ्या शेजारी बसून म्हणते, “एकदा जुना आकडा परत आला होता, मॅडम. आठ हजार वेळा वीज तोडल्यावर एकदा. ते यंत्र दिलेलं औषध पुन्हा सोडेल.” एकदा हो. आठ हजारांत एकदा. मी हसण्यावारी नेलं, म्हटलं, बोर्ड खराब असेल. संध्याकाळी तिला आत बोलावून विचारलं, पुन्हा करून दाखव. बोर्ड खराब नसेल तर पुन्हा होईलच ना?

आणि इथेच तिनं लबाडी केली. नीट ऐका, कारण कबुली त्याचीच आहे. आमची एक फाइल भरली की दुसरी नवी उघडते. तर तिनं चाचणीच अशी बसवली की वीज बरोब्बर त्या क्षणी जावी, नवी फाइल उघडता उघडता, ना आधी ना नंतर. मग काय, दहातल्या नऊ वेळा आकडा जुना. आता मला सांगा, अशी वीज कधी आपणहून जाते का? मुहूर्त बघून? ह्याला चाचणी म्हणत नाहीत, दावा साधणं म्हणतात. तुम्ही आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यात ना काका, तुम्हीच सांगा, चांगल्या चालत्या लिफ्टला कुणी मुद्दाम—

काय? ब्रेक तपासायला तुम्हीच मुद्दाम वेग वाढवून बघता? — ते वेगळं. लिफ्टमध्ये माणसं असतात.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तिचं म्हणणं होतं, नव्या फाइलीतला मजकूर पक्का होतो पण फाइलीचं नाव यादीत पक्कं व्हायला आम्ही थांबत नाही, तेवढ्यात वीज गेली की मजकूर आहे आणि तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. बरं, नाही थांबत. थांबलं की वेग निम्मा होतो. वेगासाठीच ते गिऱ्हाईक आलं होतं ना? मी काय मूर्ख आहे, मला ठाऊक नव्हतं? ती थांबायची ओळ मीच तर काढली होती. नंतर घातली परत, तिला इथून काढल्यावर तीन आठवड्यांनी, कुणाला न सांगता. तिची चाचणीही चालते रोज, ती बघा खालची रांग — म्हणजे माझी, आता माझ्या नावावर आहे. मधल्या काळात दोनशे यंत्रं बाहेर गेली. काही झालं नाही. म्हणजे आमच्या कानावर काही आलं नाही.

मग तिचं बरोबर होतं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? असेल बरोबर. बरोबर असणं वेगळं आणि लोकांसमोर मोठ्यांचा पाणउतारा करणं वेगळं. मला एकटीला येऊन सांगितलं असतं तर? सांगितलं होतं म्हणते ती, दोनदा. मी कामात असते.

ते पाकीट का आत घालताय? घाला, तुमची मर्जी. घरी जाऊन तिला सांगा, बाई स्वतःच्या तोंडानं बोलली. पण मग पत्र नाही, आणि पत्र नाही तर सोमवार नाही. सहा महिने घरात बसलीय ना पोर? जेवत नाही म्हणाला होतात फोनवर. तिला खरं हवंय की नोकरी, हे तिनं सही केली तेव्हाच ठरवलंय, तुम्ही कशाला मध्ये पडता. द्या इकडे.

शहाणे आहात. अक्षर छान आहे हो तिचं. ‘चाचणी मी मुद्दाम चुकीची बसवली’ — हं. तारीख, सही, सगळं आहे.

आणि हे तुमचं पत्र, शिक्क्यासकट. तयारच ठेवलं होतं, म्हटलं ना मी शब्दाची पक्की आहे. फक्त एक — काल दुपारी नव्या ठिकाणच्या बाईंचा फोन आला होता. मुलगी कशी आहे म्हणून विचारत होत्या. आता मी खोटं कसं बोलू? म्हटलं, हुशार आहे, पण चाचण्या फिरवते, लेखी कबुलीच येतेय उद्या. त्यांनी ती जागा दुसरीला दिली, कालच.

नाही काका, तो कागद परत नाही मिळायचा, तो फाइलला लागला. हात काढा. हात काढा म्हणते ना. बाहेर बाक आहे, बसा हवं तर पाच मिनिटं, पाणी आहे तिथे. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, बोर्डांवर धूळ बसते.