डाळीतला दुधी

दवाखान्यात आजोबा रिपोर्ट नाचवत होते. सुया मांडणाऱ्या नर्सबाईंचे कान तिकडेच होते.

"बघ, साखर आटोक्यात! नुसतं चालून. दुधीला शिवलोसुद्धा नाही."

"नाही हो, कशाला शिवाल!" म्हणत आजी वजन करायला आत गेल्या.

सोबत आलेली नात आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, खरं सांगू? आजी रोज तुमच्या डाळीत दुधी किसून घालते."

"माहितीये."

"आँ? मग बोलत का नाही?"

"खुळी आहेस का गं! दार लावून किसते आणि एकटीच खुदुखुदु हसते. बाहेरून ऐकतो मी. बोललो की संपलं ना ते हसणं!"

"आजी आली हं."

"शू!" म्हणत आजोबा आजींकडे वळले. "अगं, आज जेवायला काहीही कर, फक्त तो दुधी नको!"