पाणी थांबलं तेव्हा

पूज्य भंतेजी, बिल्डिंगमधले सगळे, आणि अंबरनाथ-उल्हासनगरहून आलेली आपली माणसं. मी वासंती. प्रकाशची मोठी बहीण. धाकट्यासाठी मोठीने बोलायला उभं राहायचं, हा क्रमच उलटा आहे. मला भाषण येत नाही. जे घडलं तेवढंच सांगते.

प्रकाश कसा गेला, यावर कात्रपच्या नाक्यावर बरंच बोललं जातंय. दारूच्या भट्टीत गेला म्हणतात. सुनंदा, त्याची बायको, काल मला म्हणाली, "ताई, लपवू नका. सगळं सांगा."

तर ऐका. प्रकाश घरी बिअर बनवायचा. पंचशील घेतलेल्या घरात. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, "दारूला शिवायचं नाही, पाचवं शील आठवतं ना रे?" तो हसायचा. "ताई, पितो किती मी? मला ते पाणी फिरवायला आवडतं."

आणि ते खरं होतं. मागच्या गॅलरीत स्टीलचा मोठा ड्रम, उल्हासनगरहून आणलेला. त्यात पाणी तापवायची कॉइल. वरच्या भांड्यात मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं जव. छोटा पंप तळाच्या जाळीतून ड्रममधलं पाणी उचलायचा, जवावर सोडायचा, ते झिरपून पुन्हा ड्रममध्ये. हळूहळू तापत, गोल गोल. प्रकाश थर्मामीटर घेऊन समोर बसायचा, तापातल्या पोराजवळ बसावं तसा. कारखान्यात दिवसभर रंगाच्या वासात राहणारा माणूस. तिथे बसला की त्याचा चेहरा बदलायचा.

एक नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. पाणी थांबलं की कॉइलचं बटण बंद. नाहीतर कॉइल जळते.

मग ड्रमला हात लागला की मुंग्या यायला लागल्या. सुनंदाला आल्या. मलाही आल्या. तो म्हणाला, "रबरी चप्पल घालायची, काही होत नाही." गॅलरीच्या दाराशी चप्पल ठेवली. मला ती चप्पल बघवत नव्हती.

त्या रविवारी मी जेवायला आले होते. प्रकाशने नुकताच ड्रम लावला होता. पाणी जेमतेम कोमट. आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती. पंप थांबला. वरून पाणी टपटपत होतं, तेवढाच आवाज.

तो म्हणाला, "जाळी तुंबलीय. लाइट नाही तोवर काढून घेतो."

सुनंदाने आतून विचारलं, "बटण बंद केलंत का?"

"लाइटच नाही ना गं."

फरशी ओली होती. पाय उघडे होते. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

खालून पोरं ओरडली, "लाइट आली, लाइट आली."

पंप सुरू झाला. पाणी फिरायला लागलं. प्रकाशने हात काढला नाही.

सुनंदाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. दवाखान्यात नेलं, तोवर तो गेला होता.

एवढंच असतं, तर मी म्हटलं असतं, त्याची चूक झाली. आणि खाली बसले असते. पण परवा वायरमन आला. अर्थिंगची, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर बघत बघत तो जिना उतरला. मी मागोमाग. मीटरच्या खोलीत ती वायर भिंतीतून वीतभर बाहेर येते. आणि तिथेच संपते. जमिनीत गेलेलीच नाही. सगळ्या घरांची तीच एक वायर.

मी विचारलं, "दादा, म्हणजे काय?"

तो म्हणाला, "ताई, गिझर कुणाकुणाकडे आहेत इथे?"

ती वायर आत्ता, या क्षणीही तशीच लोंबते आहे. आज सकाळी तुम्ही आंघोळ केलीत ना? पोरांना घातलीत ना? मुंग्या येऊन नळ कुणाला चावला? मी हात वर करायला सांगत नाही. काळेकाकू, तुम्ही मान खाली घातलीत. मी पाहिलं. तुमच्या मागे अजून कुणी घातली, तेही पाहिलं.

आता प्रकाशसाठी उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नका. आणि नंतर कुणी घरी जाऊ नका. आधी माझ्याबरोबर खाली मीटरच्या खोलीत चला.

प्रकाश, बाळा, जय भीम.