फळीवरची मोटारसायकल

मी मोटारसायकल का घेतली नाही, असं विचारता ना? मग ऐका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जयगडच्या खाडीवर धक्क्यावरून होडीत जायला एकच फळी टाकत. मी तिच्यावरून सायकल चालवतच होडीत जायचो. उतरून ढकलली नाही कधी. त्या दिवशीही तसाच गेलो.

माझ्यामागून जावई नवी मोटारसायकल घेऊन आले. मागे माझी मुलगी शालन बसलेली.

"शालन, खाली उतर," मी होडीतून म्हणालो.

ती उतरली. जावई उतरेनात.

"ढकलत आणलीत तर मिशी खाली यायची नाही, जावईबापू," होडी चालवणारा तांडेल म्हणाला.

"अण्णांची सायकल चढते, मग ही का नाही? हिला तर इंजीन आहे."

"इंजीन पुढे नेतं. तोल आपलाच लागतो," मी म्हणालो.

त्यांनी गाडी फळीवर घातली. मध्यावर होडी हलली, फळी वाकली आणि त्यांनी ब्रेक दाबला. दोन्ही पाय फळीच्या कडांवर कसेबसे टेकले. खाली भरतीचं पाणी. धक्क्यावर शालनचा चेहरा पांढरा पडला.

"खाली बघू नका," मी होडीतून ओरडलो. " माझ्याकडे बघा आणि ब्रेक सोडा."

"पडेन, अण्णा."

"थांबलात तर पडाल."

त्यांनी ब्रेक सोडला. गाडी उसळून होडीत आली आणि जावयांसकट जाळ्यांच्या ढिगावर आडवी झाली.

जावई उठले, कपडे झटकले. "चढली की नाही?"

"चढली," तांडेल म्हणाला. "पलीकडे उतरायला अशीच फळी आहे. याहून अरुंद."

जावयांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"ढकलायला किती माणसं लागतील?"