ट्रिप की शटडाऊन

मंडळी, शाळेचं पटांगण भरलंय. टोकावड्याहून, मुरबाडहून माणसं आलीत. बाळारामभाऊ आपला वायरमन होता, त्याच्यासाठी आलीत. सुमनवहिनी, तुम्ही समोर बसलाय. तुमच्याकडं बघून बोलायला जीभ रेटत नाय. तरी मी, गिरणीवाला, बोलणार आहे. मला आज बोललंच पाहिजे.

भाऊ सातवी शिकलेला. पण दोन इंग्रजी शब्द त्यानं अख्ख्या गावाला शिकवले. आपण सगळ्याला एकच म्हणायचो, लाईट गेली. तो चिडायचा. गिरणीच्या ओट्यावर चहा पिताना मला म्हणाला होता, "ट्रिप म्हंजे लाईन आपसूक गेली. ती कवापन येल. शटडाऊन म्हंजे सबस्टेशनातल्या मानसानं माज्या नावावर बंद केली. मी सांगंपर्यंत नाय येनार. ट्रिपवर मी तारंला हात नाय लावीत. घरी पोरी हायेत माज्या."

खांबावर चढण्याआधी दर वेळी विचारायचा, ट्रिप का शटडाऊन? आम्ही हसायचो.

त्या दुपारी तारेवर फांदी पडली. लग्नघराचे तांदूळ माझ्या गिरणीत अडकले. भाऊ शिडी आणायला निघाला, मला म्हणाला, दुकानातनं सबस्टेशनला फोन लाव, शटडाऊन माग. मी लावला. पलीकडून सांगितलं, लाईन ट्रिप आहे, शटडाऊन पाहिजे तर वायरमनला स्वतः बोलू दे. मंडळी, भाऊला फक्त फोनपर्यंत न्यायचं होतं. मी नेलं नाय.

खांबाखाली उभं राहून त्यानं विचारलं, "ट्रिप का शटडाऊन रे?"

मी म्हणालो, शटडाऊन.

मला फरक माहीत नव्हता का? होता. चांगला माहीत होता. वाटलं, पाच मिनिटांचं काम, तेवढ्यात कुठं येतेय लाईट.

आली.

तेव्हापासून गावात बोलतात, भाऊनं घाई केली, भाऊ बेफिकीर होता. पंचनाम्यातही तेच लिहिलं. मी शेजारी उभा होतो. गप्प होतो. भाऊ बेफिकीर नव्हता. बेफिकीर मी होतो. उद्या सकाळी मुरबाडला पोलिसांत जाऊन हेच लिहून देणार आहे.

वहिनी, माफी मागायला मला तोंड नाय. पोरींना एवढंच सांगा, तुमच्या बापानं विचारलं होतं.

आता सगळे उभे राहू. भाऊसाठी दोन मिनिटं कुणी बोलायचं नाय. त्यानंतर तुम्ही मला काय हवं ते बोला. मी इथंच उभा आहे.