सात बाटल्या, शेवटी लागतील

...नाही, पण मला एक सांगा, दहा वर्षांच्या पोरानं एक चूक केली, तर ती सत्तावीस वर्षांच्या माणसाला किती दिवस ऐकवायची? काही मर्यादा?

तुम्हाला सांगतो, गेम होता जपानी. पाच मित्र ऐंशी तास गावोगाव हिंडतात, भेटेल त्याच्याशी बोलत बसतात, मधेच राक्षस येतो, मग मारामारी. तीही आळीपाळीनं! आधी तुम्ही मारा, मग तो मारेल, मग परत तुम्ही. बँकेच्या रांगेत एवढी शिस्त नसते हो. तर त्यात एक निळी बाटली असते. पाजली की मेलेले पाचही मित्र टुणकन उभे! अख्ख्या गेममध्ये अशा सातच. आता तुम्हीच सांगा, सात म्हटल्यावर माणूस जपून ठेवणार की नाही? मित्र मरतायत, ताई मागून ओरडतेय, "अरे पाज की त्याला!" मी म्हणायचो, असू दे, शेवटी लागेल.

शेवट आला. शेवटचा राक्षस आला. पाचही मित्र गेले, आणि पिशवीत सात बाटल्या. भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर आईनं गेम डब्यासकट शेजाऱ्यांना देऊन टाकलेला. "परीक्षा आहे तुझी." झालं! तेव्हापासून घरात माझं नाव बाटल्या. ताईच्या सासरीही तेच. तिची मुलगी चारचौघांत हाक मारते, "बाटलीमामाऽऽ!" लोक काय समजतात ते मी सांगायला नको. मी चहासुद्धा घेत नाही.

म्हणून रीमेक हवा होता. तोच गेम, नव्यानं केलेला. एकदा त्या राक्षसाला हरवायचं आणि ताईचं तोंड बंद करायचं, बास! आमच्यासारख्या वाट बघणाऱ्यांचा ग्रुपच आहे, एकोणीस जणांचा. त्यातल्या दातांच्या डॉक्टरला एकदा गेम काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांच्या फोटोत मागं, फडताळात, काहीतरी निळं दिसलं. बाटली! रीमेक येतोय! तीनशे मेसेज! फोटो मोठा करून पाहिला तर फिनेल. तरी डॉक्टर म्हणतो, "पण निळंच का? पांढरं का नाही?" चार दिवस आम्ही यावर बोलत होतो.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. सहा वर्षांत एक सुट्टी घेतली नाही. अंगात ताप, काचेत मला स्वतःचेच दोन चेहरे दिसतायत, तरी कामावर. सुट्टी? असू दे, शेवटी लागेल. पंधरा दिवस साठवले. आणि आला हो, खरंच आला रीमेक! मालकांकडे गेलो.

"सुट्टी? तुला? घरी कुणाचं काही...?"

"नाही, येणार आहे."

"कोण?"

"सतरा वर्षं वाट बघतोय. जपानहून येतोय."

मालकांचे डोळे भरून आले. "घे बाबा, घे. स्टेशनवर न्यायला जा."

आता यावेळी मी शहाणा. पहिल्याच गावात एका मित्राला मधमाशी चावली. मधमाशी! पाजली बाटली. दुसऱ्याला शिंक आली, पाजली. काय मोकळं वाटलं सांगू! चौथ्या दिवशी सातच्या सात फस्त.

बाराव्या दिवशी शेवट. ताई मुद्दाम माहेरी आली, पोरीला घेऊन खुर्ची टाकून बसली. आई म्हणाली, "लवकर हर बाबा, जेवायला तरी उठशील." राक्षस आला. मी तलवार उपसली. आणि तो... खाली बसला. म्हणाला, "हजार वर्षं तहानलेलो आहे. कुणी विचारतच नाही. सात निळ्या बाटल्या आहेत का रे?"

पडद्यावर दोन पर्याय. आहेत. नाहीत.

ग्रुपवर विचारलं. डॉक्टर लगेच, "अरे, जुन्यातही होतं हे, आज कळलं! त्याला मारायचंच नसतं. खाली 'बोला' म्हणून बटण होतं, आपण कुणी दाबलंच नाही."

म्हणजे दहाव्या वर्षी, भरलेल्या सात बाटल्या घेऊन, मी एका बटणाच्या अंतरावर उभा होतो!

'नाहीत' दाबलं. एका फटक्यात पाचही आडवे.

मग ताई, सतरा वर्षं माझ्या मागं ओरडणारी ही बाई, मला म्हणते, "सगळ्या संपवल्यास? अरे बावळटा, जपून ठेवायच्या ना! शेवटी लागतात!"

पोरगी म्हणाली, "मग आता मामाला काय म्हणायचं?"

परत पहिल्यापासून ऐंशी तास, आणि सुट्टीचे उरलेत तीन दिवस. मालकांचा फोन आला, "पाहुणे आहेत ना अजून? घे की तेही तीन दिवस."

म्हटलं नको मालक, उद्या येतो कामावर. रीमेकचाही कधीतरी रीमेक निघेल.

असू देत. शेवटी लागतील.